पाच रुपयांचे पाच लाख

दिवाळी जवळ आली की लक्ष्मीचे विचार मनात येणे स्वाभाविकच आहे. ती घरी कशी यावी याच्या युक्त्या मात्र पिढीगणिक बदलतात. आजोबांच्या काळी लोक सोडतीची तिकिटे घेत, वडिलांच्या काळी शब्दकोडी भरून पाठवीत. शब्दकोड्याला निदान डोके तरी खाजवावे लागे. हल्ली तेवढेही कष्ट उरलेले नाहीत. घरातला जुन्या नाण्यांचा डबा उपडा करायचा आणि फोनवर आलेली जाहिरात वाचायची: ‘आपल्याकडे वैष्णोदेवीचे चित्र असलेले पाच रुपयांचे नाणे आहे काय? मग आपण लखपती आहात!’ खाली एक नंबर, नोटांच्या चळतीचे चित्र, आणि त्या चळतीकडे पाहून हसणारे एक गोरेगोमटे कुटुंब.

या जाहिरातींना हसणे सोपे आहे. पण ज्या घरांत त्या मन लावून वाचल्या जातात, तिथे हसण्याजोगी परिस्थिती असतेच असे नाही. संभाजीनगरहून पैठणला जाताना बिडकीनच्या अलीकडे चितेगाव लागते. नाथांच्या दर्शनाला निघालेली मंडळी इथे सहसा उतरत नाहीत. रस्त्याकडेला कारखाने दिसतात, काही चालू, काही बंद, आणि गाडी पुढे जाते. माझे तिथे जाणेयेणे आहे, कारण आमचे एक लांबचे आप्त तिथे राहतात. सारे त्यांना नाना म्हणतात. नाना एका कारखान्यात वीस वर्षे फिटर होते. कारखाना बंद पडला, तेव्हापासून मिळेल ते काम करतात. मुलगी हुशार आहे, बारावीला आहे, आणि पुढच्या वर्षी तिला संभाजीनगरला ठेवून शिकवायचे म्हणजे किती खर्च येईल, याचा हिशेब घरातल्या कॅलेंडरच्या पाठीमागे पेन्सिलीने मांडलेला आहे.

अशा घरात ती जाहिरात आली. नानांनी डबा काढला. बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. त्यात आईने ठेवलेले सात चांदीचे रुपये, जुने तांब्याचे पैसे, दोन शिवराया, आणि वैष्णोदेवीचे पाच रुपयांचे एक नाणे. नंबर फिरवला. पलीकडचा माणूस फार अदबीने बोलला. नाण्याचा फोटो मागवला, ‘पास झाले’ म्हणून कळवले, रिझर्व्ह बँकेचे बोधचिन्ह असलेले एक पत्रही फोनवर पाठवले. पाच लाख मंजूर! फक्त त्याआधी नोंदणीचे अडीच हजार भरायचे. नाना पैसे भरायला निघालेच होते. वहिनी तुळशीपाशी सडा घालीत होत्या. त्यांनी मान वर न करता विचारले,

“तो आपल्याला पाच लाख देणार आहे ना?”

“हो.”

“मग त्याला म्हणावं, अडीच हजार त्यातूनच कापून घे अन् राहिलेले पाठव.”

नानांनी फोन करून तसे सांगितले. पलीकडची अदब तेवढ्यावरच संपली. त्यानंतर तो फोन लागला नाही.

रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ रोजी पत्रक काढून जे सांगितले, तेच वहिनींनी सडा घालता घालता सांगितले होते. बँक जुन्या नोटानाण्यांच्या असल्या खरेदी-विक्रीत पडत नाही, त्यासाठी कसलेही शुल्क वा दलाली मागत नाही, आणि आपल्या नावाने तसे मागण्याचा अधिकार तिने कुणालाही दिलेला नाही, असे त्या पत्रकात स्पष्ट म्हटले आहे. तरी ही फसवणूक चालूच आहे. कारण तिच्या बुडाशी अर्धे सत्य आहे. काही नाणी खरोखरच लाखांना जातात. काही नाण्यांत एक टिंब इकडचे तिकडे झाले की किमतीत जमीन-अस्मानाचे अंतर पडते. जाहिरातवाला हे अर्धे सत्य आपल्याला फुकट देतो आणि उरलेल्या अर्ध्याचे अडीच हजार मागतो. म्हणून हे उरलेले अर्धे काय आहे ते पाहू.

पहिली गोष्ट, ‘जुने ते सोने’ ही म्हण नाण्यांना लागू नाही. पैठण म्हणजे सातवाहनांचे प्रतिष्ठान. अठराशे-दोन हजार वर्षांपूर्वीची शिशाची, पोटिनची, तांब्याची सातवाहन नाणी गोदाकाठी आजवर इतकी सापडली आहेत की, त्यांतली साधी, झिजलेली नाणी एका चांगल्या जेवणाच्या खर्चात मिळतात. आणि सहाव्या जॉर्जचा १९३९ सालचा चांदीचा रुपया, म्हणजे आपल्या आजोबांच्या खिशातला, त्यांच्या कितीतरी पटींनी महाग. कारण त्या सालचे रुपये फारच थोडे शिल्लक आहेत आणि ते हवे असणारे पुष्कळ आहेत. अर्थात त्यामुळेच १९३९ चे बनावट रुपयेही बाजारात भरपूर. नाणे दुर्मिळ असावे, चांगल्या स्थितीत असावे, आणि ते हवे असणारा कुणी असावा. या तिन्ही गोष्टी जमल्या तरच भाव. वैष्णोदेवीचे नाणे २०१२ सालचे, देवस्थान मंडळाला २५ वर्षे झाली म्हणून काढलेले. ते पाच आणि दहा रुपयांत चलनात आले आणि आजही वाण्याकडे चालते. देवीवर श्रद्धा असेल तर जरूर देव्हाऱ्यात ठेवावे. बाजारात मात्र पाच रुपयांच्या नाण्याचे पाच रुपयेच समजावे.

दुसरी गोष्ट ठशांची. पेढ्यावर दाबायचा लाकडी ठसा आपण पाहिलेला असतो. जुन्या टाकसाळीत तसेच दोन पोलादी ठसे असत. एक खाली ऐरणीत पक्का बसवलेला, दुसरा कारागिराच्या हातात. मधे धातूची चकती ठेवायची आणि वर घण घालायचा. ठसा माणसाने हाताने कोरलेला, तोही उलटा. घण खाऊन खाऊन तो तडकला की नवा कोरायचा. एकाच माणसाने आपली सही दहादा केली तरी दहाही सह्या निराळ्या होतात, मग दहा कारागिरांनी कोरलेली अक्षरे सारखी कशी येणार? पुढे यंत्रे आली आणि एका मूळ ठशावरून शेकडो ठसे होऊ लागले. तेव्हा फरक बारीक झाले, पण गेले नाहीत. या फरकांना नाण्यांचे अभ्यासक ‘ठसाभेद’ म्हणतात, आणि ज्याला ते दिसू लागतात त्याला नाणे हातातून खाली ठेववत नाही.

नानांच्या डब्यातले सात रुपये घ्या. ते हाली शिक्क्याचे, म्हणजे निजामी राज्याचे. औरंगाबाद १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत त्या राज्यात होते. ‘हाली’ आणि ‘कलदार’ हे शब्द इथल्या जुन्या माणसांच्या तोंडी अगदी परवापरवापर्यंत होते. कलदार म्हणजे इंग्रजी यंत्राचा रुपया. साधारण सात हाली दिले की सहा कलदार मिळत. सोयरिकीची बोलणी करताना हुंडा हालीत की कलदारात हे आधी विचारून घ्यावे लागे, आणि तो प्रश्न ज्याने विचारला नाही त्याला मांडवात पस्तावण्याची पाळी येई! या हाली रुपयावर मधोमध चारमिनार आहे. सगळ्यांना चारमिनार दिसतो, पण त्याच्या मधल्या कमानीत काय आहे ते फारसे कुणी पाहत नाही. कमानीत एक अक्षर आहे. महबूब अली खानांच्या वेळच्या नाण्यांत तिथे ‘मीम’ आहे, महबूबमधला. १९११ साली ते वारले, उस्मान अली खान गादीवर आले, आणि कमानीत ‘ऐन’ आले. फारसी लिपीत उस्मान हे नाव ‘ऐन’ने सुरू होते. गंमत पुढेच आहे. सुरुवातीच्या काही रुपयांत या ऐनचे फक्त डोकेच कमानीत दिसते, जणू नवे निजाम दारातून डोकावून पाहत आहेत; नंतरच्या ठशांत पूर्ण अक्षर शेपटीसकट आत येऊन बसते. अर्धा ऐन थोडाच काळ निघाला. म्हणून संग्राहक हाली रुपया हाती आला की राजाचे नाव, साल, टाकसाळ काही न पाहता आधी भिंग घेऊन कमानीत शिरतो.

आम्ही त्या दुपारी सातही रुपये मांडून बसलो. नानांची मुलगी भिंगातून एकेक पाहत होती, मी कागदावर लिहीत होतो. सातही पूर्ण ऐनचे निघाले. नाना जरा हिरमुसले. मुलगी मात्र म्हणाली, “काका, याच्यावर दोन-दोन सालं का आहेत?” एक हिजरी साल, दुसरे राज्यारोहणापासूनचे वर्ष. तिने दोन्ही जुळवून पाहिली आणि मग घरातली इतर नाणीही तिला त्याच कामासाठी हवीशी झाली. टाकसाळीचे नाव वाचताना हैदराबादच्या मागे ‘फर्खुंदा बुनियाद’ हे बिरुद आले, तेव्हा मी तिला सांगितले की, मोगल अमदानीत खुद्द औरंगाबादलाही टाकसाळ होती आणि तिथल्या रुपयांवर ‘खुजिस्ता बुनियाद’ हे बिरुद येई. दोन्हींचा अर्थ शुभ पायावर वसलेले शहर, असाच काहीसा. आपल्या गावाजवळ पैसे पाडत होते, ही कल्पना तिला फार आवडली. तिच्या वडिलांना आवडली नाही असे नाही. पण त्यांना ती पंधरा वर्षांपूर्वी आवडली असती, त्या दिवशी त्यांचे लक्ष कॅलेंडरच्या पाठीमागच्या हिशेबात होते.

ठसाभेदाची आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९११ साली पंचम जॉर्जचा पहिला रुपया निघाला. राजाच्या अंगावरच्या साखळीत एक हत्ती होता. ठसा कोरणाऱ्याने तो इतका बारीक कोरला की सोंड आखूड झाली, पाय ठेंगणे झाले आणि हत्तीचे डुक्कर झाले. निदान लोकांना ते डुक्कर वाटले. मुसलमान समाजात मोठा गहजब झाला, रुपया नाकारला जाऊ लागला, आणि सरकारला ठसा बदलावा लागला. सुमारे ९४ लाख रुपये पाडले होते, त्यांपैकी सुमारे सात लाखच बाहेर पडले, उरलेले वितळवले. १९१२ पासूनच्या रुपयावर नीट सोंडेचा हत्ती आहे. हा ‘डुकराचा रुपया’ विकणारे आज तो जणू जगात एकच उरला आहे अशा थाटात विकतात. आता सात लाख म्हणजे काही एक नव्हे! गोष्ट उत्तम आहे, रुपया मध्यम दुर्मिळ आहे. आणि गोष्टीची किंमत रुपयाच्या किमतीत मिळवून मागणे हीच या धंद्यातली मुख्य चलाखी आहे.

लोक ठशातल्या फरकापायी नाणे नाकारतात, ही काही जुन्याच काळची गोष्ट नाही. दहा रुपयांच्या नाण्याचे काय झाले ते आठवून पाहा. एका नाण्यावर किरणे दहा, दुसऱ्यावर पंधरा. तेव्हा पंधरावाले खोटे, अशी अफवा उठली आणि रिक्षावाले, भाजीवाले, बसचे कंडक्टर नाणी परत करू लागले. १७ जानेवारी २०१८ रोजी रिझर्व्ह बँकेला सांगावे लागले की, आतापर्यंत या नाण्याचे चौदा नमुने निघाले असून चौदाही चालू आहेत. एकच फरक, पण एका बाजाराने त्यावरून नाणे खोटे ठरवले, आणि दुसरा बाजार तसल्याच फरकावरून नाण्याचे लाख करू पाहतो.

हुकमाने किंवा बोलबाल्याने किंमत चढवण्याचा मोठा प्रयोग याच जिल्ह्यात होऊन गेला आहे. महंमद तुघलकाने १३२७ च्या सुमारास देवगिरीचे दौलताबाद करून राजधानी तिथे आणली, आणि १३३० च्या आसपास पितळेची व तांब्याची नाणी काढून ती चांदीच्या टंक्याच्या भावाने चालवण्याचा हुकूम सोडला. दौलताबादेच्या टाकसाळीतही ती निघाली. सुलतानाची आज्ञा पाळणे म्हणजे ईश्वराची आज्ञा पाळणे, अशा अर्थाचा मजकूर नाण्यावर घातला होता. पण पितळ काय, प्रत्येक घरात होते! घरोघरी टाकसाळी निघाल्या असे त्या काळचा इतिहासकार बरनी सांगतो. शेवटी सुलतानाने हुकूम मागे घेतला आणि खजिन्यातून चांदी देऊन लोकांचे पितळ परत घेतले. त्या नाण्यांचे ढीग तुघलकाबादेत पडून राहिले. आज तीच पितळी नाणी संग्राहक हौसेने विकत घेतात. त्यांत सरकारी ठशाचे कोणते आणि परसातल्या भट्टीतले कोणते, हे ठरवण्यासाठी अक्षरांचे वळण पाहावे लागते. सरकारी अक्षर डौलदार, घरगुती अक्षर वेडेवाकडे. सहाशे-सातशे वर्षांपूर्वीच्या अनाम चोराचे हस्ताक्षर आपण ओळखू शकतो, यात मला तरी मोठी मौज वाटते.

आता दर्जाचे बघू. नाणे किती झिजले आहे यावरून त्याचा दर्जा लावतात आणि त्यासाठी इंग्रजीतले शब्द सर्रास चालतात. हे शब्द ऐकून साध्या माणसाची फसगत झाली नाही तरच नवल. ‘गुड’ म्हणजे चांगले ना? छे! नाण्यांच्या बाजारात ‘गुड’ म्हणजे जवळजवळ गुळगुळीत झालेले, राजाचे नाक-डोळे गेलेले नाणे. ‘व्हेरी गुड’ म्हणजे त्याहून किंचित बरे. ‘फाइन’ म्हणजे मध्यम. ‘व्हेरी फाइन’, मग ‘एक्स्ट्रीमली फाइन’, आणि टाकसाळीतून निघाल्यावर कुणाच्या हाती न फिरलेले ते ‘अनसर्क्युलेटेड’. लग्नाच्या टिपणातली भाषा ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे समजायला वेळ लागू नये. मुलगा ‘होतकरू’ आहे म्हणजे अजून नोकरी नाही, हे आपण जसे न सांगता ओळखतो, तसेच ‘गुड’ हे ओळखावे.

शब्दांवर भागेना म्हणून पुढे आकडे आले. विल्यम शेल्डन नावाचे एक अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होते. माणसाच्या बांध्यावरून त्याचा स्वभाव सांगण्याचा त्यांचा उद्योग प्रसिद्ध होता. त्यांना जुन्या तांब्याच्या सेंटांचा नाद. १९४९ साली त्यांनी त्या नाण्यांसाठी १ ते ७० अशी मोजपट्टी काढली. कल्पना अशी की, पहिल्या दर्जाचे नाणे एक डॉलरचे असेल, तर त्याच जातीचे सत्तर दर्जाचे सत्तर डॉलरचे. ही पट्टी आज जगभर चालते. शेल्डन १९७७ साली वारले. त्यानंतर उघडकीला आले की, न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातली सरस सेंटे त्यांनी स्वतःजवळच्या कमी दर्जाच्या सेंटांशी गुपचूप बदलून घेतली होती. प्रकरण न्यायालयात गेले आणि निकाल संस्थेच्या बाजूने लागला. दर्जाची पारख या गृहस्थांना होती, याबद्दल मात्र कुणी शंका घेऊ नये.

१९८६-८७ पासून अमेरिकेत नाणे तपासून, त्याला आकडा देऊन, प्लास्टिकच्या डबीत कायमचे बंद करून देणाऱ्या कंपन्या निघाल्या. बनावट माल ओळखायला याचा उपयोग आहे, नाही असे नाही. हजारो रुपयांचे नाणे घेताना तटस्थ माणसाचे मत असलेले बरे. पण हळूहळू लोक नाणे सोडून आकडा विकत घेऊ लागले. ६९ आणि ७० यांतला फरक भिंगातूनही मोठ्या मुश्किलीने दिसतो, किंमत मात्र कितीतरी चढते. आणि तेही कालपरवा लाखांनी पाडलेल्या, कुणी हातही न लावलेल्या नाण्याची! जे नाणे नवेच आहे ते नव्यासारखे आहे, याचे कौतुक ते किती करायचे? आपल्याकडेही आता या डब्या येतात. त्यांच्या जोडीला सोन्याचा मुलामा दिलेली, मखमली पेटीतली ‘मर्यादित आवृत्तीची’ पदके येतात. ती तर नाणीही नव्हेत. सरकारने १९६४ साली नेहरूंच्या स्मरणार्थ रुपया काढला, १९६९ साली गांधी जन्मशताब्दीला दहा रुपयांचे चांदीचे नाणे काढले. ती नाणी होती, कारण ती टाकसाळीची होती. खाजगी कारखान्याच्या पदकावर कुणाचेही चित्र असले तरी त्याची किंमत आतल्या धातूइतकी, आणि धातू बहुधा पितळ.

दर्जाचा विषय निघाला की वहिनींचा प्रश्न आठवतो. त्या दुपारी सात रुपये परत डब्यात घालताना त्यांनी विचारले, “भावजी, लक्ष्मीपूजनाला हे मी दरवर्षी चिंच लावून घासते. लख्ख निघतात. चांगलं ना?” आता काय सांगावे? संग्राहकाला विचाराल तर तो कपाळावर हात मारील. चांदीवर वर्षानुवर्षे जी काळसर झाक येते ती त्याला हवी असते. घासलेल्या नाण्यावर बारीक ओरखडे पडतात, अक्षरांच्या कडा बोथट होतात आणि भाव उतरतो. त्याहून वाईट म्हणजे नाण्याला डाक लावून कडी बसवणे किंवा भोक पाडणे. आपल्या आज्या-पणज्यांनी किती मोहरा नि रुपये असे गळ्यात घातले असतील! पुतळ्यांच्या माळेतली पुतळी तरी मुळात काय आहे? व्हेनिसच्या सोन्याच्या डुकाटाची नक्कल. तिकडचा संत आणि त्याच्यापुढे गुडघे टेकलेला राज्यप्रमुख इकडच्या सोनारांच्या हाती पडून कधी राम-सीता झाले, ते त्यांनाही कळले नसेल. तेव्हा मी वहिनींना सांगितले की, दोन रुपये पूजेचे ठरवा, ते हवे तसे घासा. उरलेले पाच मऊ कागदात गुंडाळून ठेवा आणि त्यांना चिंचही नको, पावडरही नको. वहिनी म्हणाल्या, “म्हणजे लक्ष्मीला दोनच?” यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. हाली रुपयात चांदी कलदारापेक्षा कमी, पण आहे. आणि पूर्ण ऐनचे साधे झिजलेले रुपये चांदीच्या भावाहून फार वर जात नाहीत. घासले काय नि न घासले काय, फीचा प्रश्न त्यांनी सुटणारा नव्हता. हे नानांना त्याच दिवशी सांगितले. ऐकून ते थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, “विकायचे नाहीत मग. आईचे आहेत.”

पैठणच्या रस्त्यावरच्या गावांत एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. विहीर खणताना, नांगरताना इथे मडके सापडू शकते. १८७८ च्या कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेला जुना ठेवा दहा रुपयांहून अधिक किमतीचा असेल तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. आणि १९७२ च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांवरची नाणी खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाहीत. लोक भीतीने गप्प बसतात, मडके वाटून घेतात आणि चांदी सोनाराच्या मुशीत जाते. १९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभीला असेच मडके सापडले होते. त्यात तेरा हजारांवर चांदीची नाणी होती, क्षत्रप राजा नहपानाची. त्यांतल्या नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उमटवला होता. शत्रूला हरवले, त्याची नाणी घेतली, ती वितळवण्याचीही तसदी न घेता त्याच्या चेहऱ्यावर आपली खूण ठोकली! ती इतकी नाणी एकत्र अभ्यासकांपुढे आली म्हणून कोण कुणाच्या नंतर हे कळले. एखाददुसरे नाणे हाती लागले असते तर एवढा उलगडा झाला नसता. धाराशिव जिल्ह्यात तेरला रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावच्या शिवारातल्या अशा वस्तू आयुष्यभर जमवल्या. आज त्यांच्या नावाचे सरकारी संग्रहालय तिथे आहे. नाणी वाचायला शिकायचे असेल तर नाशिकजवळ अंजनेरीला १९८० पासून नाणेशास्त्राची संशोधन संस्थाही आहे. तिथे नोंदणीचे अडीच हजार मागून पाच लाख देत नाहीत, पण आपल्याजवळचे नाणे काय आहे ते समजू शकते.

राहता राहिल्या डब्यातल्या दोन शिवराया. शिवछत्रपतींच्या नावाचा हा तांब्याचा पैसा महाराजांनंतरही दीडशे वर्षे पाडला जात होता. सातारा, पुणे, ठिकठिकाणच्या टाकसाळी, आणि खुल्या खाजगी टाकसाळीही. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. ठसा मोठा नि चकती लहान, त्यामुळे पूर्ण मजकूर एका नाण्यावर क्वचितच येतो. शिवाय कोरणारे साधे कारागीर: कुणी ‘शिव’ लिहिले, कुणी ‘सिव’, कुणी ‘छत्रपति’ तर कुणी ‘छत्रपती’. मास्तरांनी लाल शाईने भरून टाकावे असे शुद्धलेखन! महाराजांच्या सोन्याच्या होनाच्या नावावर बनावट माल खपवणारे पुष्कळ आहेत. शिवराईच्या वाटेला ते सहसा जात नाहीत, कारण खरीच स्वस्त मिळते. १९०० च्या सुमारास जस्टिन अॅबट नावाच्या अमेरिकन मिशनऱ्याने या शिवरायांचा पहिला नीट अभ्यास केला. पुढे यांनीच आपल्या संतांची चरित्रे इंग्रजीत नेली, त्यांत पैठणचे भानुदास आणि एकनाथही आहेत. अॅबटसाहेबांनी त्यासाठी सुमारे २५,००० शिवराया नजरेखालून घातल्या. तेव्हा त्या बाजारात सुट्या पैशासारख्या फिरत होत्या. दुर्मिळ तर मुळीच नव्हत्या.

नानांच्या मुलीने हे ऐकून एक शंभर पानी वही केली आहे. प्रत्येक शिवराईवर जेवढे अक्षर दिसते तेवढेच ती त्यात उतरवते. चकतीबाहेर गेलेले मनाने भरायचे नाही, असा तिचा नियम आहे. दोन घरच्या होत्या, उरलेल्या शेजारपाजाऱ्यांच्या देव्हाऱ्यांतून बघायला आणून परत दिल्या. सध्या वहीत एकोणीस आहेत. सातव्या शिवराईवरची वेलांटी पहिली की दुसरी, यावर तिचे आणि माझे अजून एकमत झालेले नाही.